वऱ्हाडातील जुन्या मोटारी : ओळख आणि पारख

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि दप्तरखान्यातील रुमाल आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्या पंक्तीला मोटारगाडी बसविली तर काहींना नवल वाटेल. जुन्या मोटारींचा नाद ही चार श्रीमंतांची चैन आहे, असाही समज आहे. आम्हांला तो मान्य नाही. एखाद्या नाण्याचा काळ ठरविताना त्याचा धातू, वजन, अक्षरवटिका आणि टांकसाळीची खूण पाहावी लागते. जुन्या मोटारीचेही तसेच आहे. तिचा पत्रा, दिवे, चाके, इंजिनावर ठोकलेला आकडा आणि तिच्याबरोबर आलेले कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. ही शिस्त पाळली तर अमरावती-अकोल्याच्या एखाद्या वाड्याच्या ओसरीत धूळ खात पडलेली गाडी वऱ्हाडाच्या शंभर वर्षांविषयी पुष्कळ काही सांगते. न पाळली, तर ती भंगाराच्या भावाने जाते.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. ‘व्हिंटेज’ आणि ‘क्लासिक’ हे शब्द आपल्याकडे ‘जुनी’ एवढ्याच अर्थाने सर्रास वापरतात. इंग्लंडमध्ये १९३० साली स्थापन झालेल्या मंडळाने १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्यांना ‘व्हेटरन’ म्हटले. १९३४ साली निघालेल्या दुसऱ्या मंडळाने पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ ठरविले. ही मर्यादा घालणाऱ्यांची समजूत अशी होती की, १९३० नंतर गाड्या स्वस्त झाल्या आणि कारागिरी उतरली. अमेरिकेत १९५२ साली निघालेल्या मंडळाने ‘क्लासिक’ हा मान मुख्यतः उंची किमतीच्या, मोजक्या संख्येने निघालेल्या गाड्यांनाच दिला. म्हणजे या संज्ञांत काळाबरोबर आवडनिवडही मिसळलेली आहे. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेला नियम निराळा आणि सुटसुटीत आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, व्यापारी उपयोगात नसलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ती ‘व्हिंटेज’. या नियमाचा वऱ्हाडाशी काय संबंध, ते पुढे येईल.

आता वऱ्हाडात मोटार कशासाठी आली ते पाहू. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार दिसली ती १८९८ च्या सुमारास; जमशेटजी टाटा हे तिच्या पहिल्या मालकांपैकी एक. वऱ्हाडाची घडी मात्र त्याआधीच कापसाने बसविली होती. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग अकोला, बडनेरा या वाटेने नागपूरला पोहोचला. पुढे मूर्तिजापूरहून एका बाजूस यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूस अचलपूर अशी अरुंद रुळांची गाडी निघाली. तीच आपली शकुंतला. पण स्टेशनापासून गावापर्यंतचा रस्ता राहिलाच. तिथे खाचर, छकडा, दमणी आणि रेंगी यांचे राज्य होते. मोटार आली ती या पोकळीत.

वऱ्हाडात रयतवारी होती, राजेरजवाडे नव्हते. १९०२ च्या कराराने निजामाने हा मुलूख इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला आणि १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला. १९३६ पासून निजामाच्या ज्येष्ठ पुत्राला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब होता. पण युवराज राहायचे हैदराबादेत. निजामासाठी मागविलेली १९१२ ची पिवळी रोल्स रॉइसही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातच आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मायबाख दसऱ्याला लोक पाहायला जातात. असे दागिने वऱ्हाडाने घडविले नाहीत. इथे मोटार घेणार तो जिनिंग-प्रेसिंगचा मालक, सावकार, देशमुख, वकील किंवा डॉक्टर. आणि घेणार ती कामासाठी. म्हणून राजवाड्यातील गाड्यांच्या फूटपट्टीने वऱ्हाडातील गाड्या मोजणे हा मुळातच चुकीचा हिशेब होय.

कामाची गाडी म्हटली की फोर्डचे ‘मॉडेल टी’ आले. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी सुमारे दीड कोटी निघाली. आरंभी ८५० डॉलर असलेली तिची किंमत १९२५ पर्यंत २६० डॉलरपर्यंत उतरली. ती जमिनीपासून उंच, चाके मोठी आणि यंत्र साधे. काळ्या मातीच्या गाडीवाटेला हे गुण मोलाचे. तिला तीन पायपट्ट्या असत, पण आजच्यासारख्या नव्हेत. डावी गिअरची, मधली मागे जाण्याची आणि उजवी ब्रेकची. पेट्रोल वाढविण्याची दांडी हाताशी, सुकाणूजवळ. आजचा कसलेला ड्रायव्हर या गाडीत बसला तर प्रथम भांबावेल. टाकी पुढच्या बैठकीखाली असून पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरे. त्यामुळे टाकी अर्धवट रिकामी असताना उभा चढ लागला की इंजिन उपाशी मरे. तोड एकच, गाडी फिरवून उलटी चढविणे. हजार मीटरहून उंच असलेल्या चिखलदऱ्याच्या घाटाला ही युक्ती किती उपयोगी, हे सांगायला नको.

अशी गाडी समोर आली तर ओळखावी कशी? पहिली साक्ष धातूची. रेडिएटरची चौकट पितळेची असेल तर गाडी १९१६ किंवा त्यापूर्वीची. १९१७ पासून फोर्डने काळी चौकट बसविली. इतर कंपन्यांच्या गाड्यांतही साधारण हाच क्रम दिसतो : आधी पितळ, मग निकेल आणि १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्रोमियम. निकेलची झाक किंचित पिवळसर आणि मऊ असते, क्रोमची निळसर आणि कडक. जुन्या गाडीवर क्रोमचा लखलखाट दिसला की समजावे, हा नंतरचा साज आहे.

दुसरी साक्ष दिव्यांची. आधी कार्बाइडचे दिवे, पाणी ठिबकवून वायू तयार करणारे; मग विजेचे. हे दिवे आधी खांबावर स्वतंत्र उभे असत, तिसाच्या दशकाच्या शेवटी ते मडगार्डात शिरू लागले आणि युद्धानंतर अंगातच विरघळले. तिसरी साक्ष चाकांची. लाकडी आऱ्यांचे चाक आपल्या सुतारांना परके नव्हते. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लाकूड आकसते, बैलगाडीची धाव ढिली पडते आणि चाक पाण्यात भिजत ठेवावे लागते. मोटारीच्या लाकडी आऱ्यांचेही दुखणे हेच आणि औषधही हेच. पुढे तारांची आणि दाबलेल्या पत्र्याची चाके आली. फोर्डच्या ‘मॉडेल ए’मध्ये १९२८-२९ ची चाके २१ इंची आहेत, १९३०-३१ ची १९ इंची. एका मोजपट्टीने दोन वर्षांचा वाद मिटतो.

चौथी आणि सर्वांत विश्वासाची साक्ष आकड्याची. ‘मॉडेल टी’चा क्रमांक इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी आत शिरते त्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. ब्रिटिश साम्राज्याला फोर्डचा माल कॅनडातून येई, म्हणून आपल्याकडच्या इंजिनावर आकड्याआधी पुष्कळदा ‘सी’ हे अक्षर सापडते. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळविण्यास आरंभ केला. तेव्हा एखादी शेवरोलेट अमेरिकेत घडली एवढे सांगून भागत नाही. ती शिवडीला जुळली की काय, हेही पाहावे लागते.

आकड्यांनंतर कागद. १९१४ च्या कायद्याने मोटारींची नोंदणी देशभर एका चौकटीत आली. समजा, अमरावतीच्या एखाद्या वकिलांनी १९३० साली गाडी घेतली आणि ती कधी जिल्ह्याबाहेर गेलीच नाही. तरी ती १९५० पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडात, मग मध्यप्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात राहिली. एकाच ओसरीत उभे राहून तिने चार राज्ये पाहिली. त्या वर्षांच्या नोंदणीपुस्तकावरील शिक्के हे वऱ्हाडाच्या राजकीय इतिहासाचे पानच होय. आज अमरावतीची ओळख एमएच २७ आणि अकोल्याची एमएच ३०; पण ही पद्धत १९८९ नंतरची आहे. जुन्या गाडीवर केवळ नवी पाटी आणि हाती जुना कागद नाही, अशी स्थिती असेल तर तिचा निम्मा इतिहास पुसला गेला असे समजावे.

ओळख येथे संपते आणि पारख सुरू होते. हौशी मंडळींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी झाली पाहिजे. रंग, कातडे, स्क्रूसुद्धा. दुसरा म्हणतो, काळाने दिलेले ओरखडे राहू द्या. पहिल्या पक्षाचे म्हणणे निराधार नाही. २०२१ चा नियमसुद्धा चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा असे सांगतो. नाही तर चार गाड्यांचे अवयव जोडून पाचवी ‘प्राचीन’ म्हणून खपविणारे कमी नाहीत. परंतु वऱ्हाडातील कामाच्या गाडीला हे माप जसेच्या तसे लावले तर काय होईल? दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि पाठीमागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून मोटारी धावू लागल्या. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा गावच्या लोहाराने कमानपाटा घडविला, फिटरने दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसविला. तो पाटा काढून परदेशातून ‘अस्सल’ मागविला, तर गाडी शुद्ध होईल खरी, पण त्या लोहाराची एकमेव सही नाहीशी होईल. आमचे मत असे की, फसविण्यासाठी केलेला बदल आणि चालविण्यासाठी केलेली दुरुस्ती यांत भेद करावा. पहिला उघडा पाडावा. दुसरी जपावी, तिची नोंद करावी आणि बदलणे भागच पडले तर काढलेला भाग टाकू नये.

तसेच, गाडीचे मोल तिच्या कंपनीवरून ठरत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगे महाराजांनी मोटारीतच देह ठेवला. त्या घटनेच्या स्मरणात गाडी कोणत्या कंपनीची, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि ते योग्यच आहे. पण आपल्या भागातील प्रत्येक जुन्या गाडीने डॉक्टर, बाळंतीण, वऱ्हाडी, वऱ्हाडातला कापसाचा अडत्या, निवडणुकीचा उमेदवार यांपैकी कोणाला तरी वाहिलेले आहे. ही माहिती इंजिनावर ठोकलेली नसते. ती म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या आणि मिस्त्रींच्या तोंडी असते, आणि त्यांच्याबरोबरच जाते.

हे सारे आजच बोलण्याचे कारण त्या पन्नास वर्षांच्या नियमात आहे. १९५३ नंतर सरकारी धोरण पालटले, केवळ गाड्या जुळविणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि देशी गाड्यांचे युग आले. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, उत्तरपाड्याची लँडमास्टर आणि मग अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड, महिंद्रांची जीप. पुढची दारे उलट्या बाजूला उघडणारी ती बुटकी ‘डुक्कर फियाट’ कोणाला आठवत नाही? १९६४-६५ च्या सुमारास डिलाइट आली आणि दारे सरळ झाली. वर्ष ओळखण्याची ही सोपी खूण. अँबेसेडर २०१४ साली बंद झाली, मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या. १९७५ पूर्वी नोंदलेल्या अशा सगळ्या गाड्या आता नियमाप्रमाणे व्हिंटेज ठरण्यास पात्र आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शन, संशोधन, मेळावा यांसाठी रस्त्यावर आणण्याची मुभा. संस्थानी रोल्स रॉइसला असल्या नियमाची गरज नव्हती, तिला गिऱ्हाईक होतेच. शेतावरच्या गोठ्यात पत्रे टाकून झाकलेल्या जीपला ती आहे, कारण तिच्यासाठी भंगारवाल्याखेरीज कोणीच येत नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम झाला. ज्या वाटेवर पावसाळ्यात मोटारीला बैल जुंपावे लागत, तिथे आज गाड्या शंभराच्या वेगाने जातात. रस्त्याचा विक्रम नोंदला गेला. गाड्यांची नोंद अजून व्हायची आहे. त्यासाठी श्रीमंती लागत नाही. ज्यांच्या घरी, शेतावर किंवा गिरणीच्या आवारात जुनी गाडी असेल त्यांनी इंजिनाचा आणि चासीचा आकडा पुसून, कागदावर रेखून घ्यावा. नोंदणीपुस्तकाची प्रत काढावी. गाडी कोणी घेतली, कोणी चालविली, कोणी दुरुस्त केली, ही नावे तारखांसह लिहावीत. आणि विकण्यापूर्वी निदान एकदा जाणत्या माणसाला दाखवावी. तरुण मंडळींनी एका उन्हाळ्यात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील गावे वाटून घेतली, तर हे काम पुरे होण्यासारखे आहे. आज सत्तरी-ऐंशीत असलेले मिस्त्री आहेत तोवरच ते होईल, एवढे ध्यानात असू द्यावे.