बोरूचें वळण आणि एकसारखी रेघ

रोमन अक्षराच्या टोकांना जी बारीक आडवी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. ती काढून टाकलेलें छापील अक्षर प्रथम दिसलें तें लंडन येथील चौथ्या विल्यम कॅस्लनच्या १८१६ च्या नमुनापत्रांत. १८३२ मध्यें व्हिन्सेंट फिगिन्स यानें त्याला 'सॅन्स सेरिफ' हें नांव दिलें. हल्लीं नागरी टाइपांनाही हेंच नांव सर्रास लावतात. तें कितपत सार्थ आहे?

इंदापूर तालुक्यांतील शेळगांव हें नांव बोरूनें लिहून पाहावें. शिरोरेषा व काने भरदार उतरतात. 'ळ'च्या वळशांत तीच रेघ कोठें फुगते, कोठें निमुळती होते. टोकाला जोडलेली शोभेची रेघ मात्र कोठेंच नाहीं. शिरोरेषेलाच कोणी शोभा म्हणेल, तर ती काढतांच 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांतील भेद पुसट होतो. मोडींत तर ती रेघ आधीं ओढून मग अक्षरें लिहीत. ती अलंकार नव्हे, अंग आहे.

मग नागरीनें टाकलें काय? टाकला तो बोरू. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनीं त्यासाठीं कोरलेल्या अक्षरांत बोरूचें जाडबारीक वळण शिशांत उतरलें, आणि पिढ्यान् पिढ्या मराठी वाचकाचा डोळा त्यावरच घडला. आज मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींच्या 'मुक्ता' टाइपांत रेघेची जाडी जवळजवळ सर्वत्र सारखी असते.

याबद्दल हळहळ करण्याचें कारण मला दिसत नाहीं. बोरूच्या काळीं टाइप बोरूसारखा होता. आजच्या मुलाच्या हातांत बॉलपेन आहे, आणि त्याची रेघही एकाच जाडीची असते. टाइपानें हाताचीच वाट धरली.

जपावयाचें आहे तें निराळेंच. जाडबारीकपणा गेला म्हणजे अक्षराची ओळख केवळ त्याच्या सांगाड्यावर उरते. तेथें उसनवारी चालणार नाहीं. महाराष्ट्र शासनानें २००९ मध्यें 'ल' व 'श' यांचीं मराठी वळणें ठरवून दिलीं, तीं याच दृष्टीनें मोलाचीं. रेघ कशीही असो. शेळगांवचा 'श' मराठी वळणाचाच राहिला पाहिजे.