वाळूत रुतलेली सायकल पलटण

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की एखादी सायकलची गोष्ट सांगा. आजची गोष्ट सायकलचीच आहे, पण सायकलवरून उतरून ढकलत नेण्याची जास्त आहे.

साल १८९७. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात फोर्ट मिसुला नावाची लष्करी छावणी होती. १४ जूनला भल्या पहाटे तिथून २० सैनिक सायकलवर निघाले. जायचं होतं सेंट लुईसला, म्हणजे १९०० मैल. आपल्या हिशेबात तीन हजार किलोमीटरच्या वर. हे सगळे सैनिक २५व्या इन्फंट्रीचे, सगळे कृष्णवर्णीय. बॉब मार्लीच्या गाण्यातले 'बफेलो सोल्जर' आठवतात? असल्या कृष्णवर्णीय पलटणींना हेच नाव पडलं होतं. त्यांचा अधिकारी मात्र गोरा, लेफ्टनंट जेम्स मॉस, वय २५. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत आपल्या बॅचमध्ये शेवटच्या नंबरने पास झालेला! (बॅकलॉगवाल्यांनो, धीर धरा.) बरोबर एक डॉक्टर आणि स्थानिक पेपरचा एक १९ वर्षांचा वार्ताहर.

लष्कराला तपासायचं काय होतं? तर घोड्याचं काम सायकल करू शकते का. मॉसचं लॉजिक सरळ होतं: सायकलला दाणावैरण लागत नाही, ती खिंकाळत नाही, धूळही कमी उडवते. एका अर्थाने ही लोड टेस्टिंगच. आणि लोड म्हणजे खरोखरचा लोड. तंबू, पांघरूण, शिधा असं सगळं धरून एकेक सायकल साधारण २७ किलोला जायची. शिवाय साडेचार किलोची रायफल आणि कमरेला ५० काडतुसं. गिअर वगैरे काही नाही. सायकली स्पॉल्डिंग कंपनीच्या. लाकडी रिम टिकणार नाहीत म्हणून मुद्दाम स्टीलच्या बसवून घेतलेल्या.

सुरुवातीलाच पाऊस आणि चिखल. मोंटानाचा चिखल इतका चिकट की चाक फिरेनासं व्हायचं. थांबायचं, हाताने चिखल खरवडायचा, चार पावलं जायचं, परत थांबायचं. पुढे डोंगरांचा मुख्य कणा ओलांडताना तर ऐन जूनमध्ये बर्फ लागला.

पण खरा कस लागला तो जुलैत, नेब्रास्काच्या सँड हिल्समध्ये. नावाप्रमाणेच वाळूच्या टेकड्या, नजर जाईल तिथपर्यंत. बैलगाडीवाटेवर पाय घोट्यापर्यंत रुतायचा, तिथे पातळ टायरचं काय होणार? सायकल चालवणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी रेल्वेचा रूळ धरला. म्हणजे स्लीपरवरून सायकल न्यायची. जमेल तिथे चालवायची, नाही तर ढकलायची. आणि दर अर्ध्या मीटरवर एक दणका! हायवेवर एकामागोमाग टाकलेले रंबलर आठवा, आणि ते दिवसभर संपतच नाहीत असं समजा. डोक्यावर ऊन ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस. विदर्भातल्या मंडळींना आकड्याचं कौतुक वाटणार नाही, पण अंगावर लष्करी कपडे आणि पाठीवर रायफल घेऊन बघा.

त्यात पाणी. तिथलं पाणी क्षारांनी भरलेलं. ते प्यायलं की पोट बिघडायचं, आणि पोट बिघडलं की अंगातलं होतं ते पाणीही जायचं. धड पिण्याजोगं पाणी मिळायचं ते रेल्वेच्या टाक्यांवर, इंजिनासाठी साठवलेलं. म्हणजे बघा, आजचा मुक्काम कुठे हे माणसांच्या दमावर नाही, पुढची टाकी कुठे आहे त्यावर ठरणार. सैनिक आजारी पडू लागले. खुद्द मॉसला इतका त्रास झाला की तो मागे राहिला, डॉक्टरने पलटण पुढे नेली आणि मॉस नंतर रेल्वेने येऊन त्यांना गाठता झाला. सैनिकांना अर्थातच रेल्वेचा रूळ होता, रेल्वे नव्हती.

हा १७० मैलांचा पट्टा, अंदाजे पुणे ते निपाणी, पार करायला त्यांना साडेचार दिवस लागले. एरवी ते दिवसाला सरासरी ५५ मैल जात होते, इथे ४० मैलांच्या आत आले. मला विचाराल तर या प्रवासातला सगळ्यात मोठा पराक्रम हाच कमी पडलेला आकडा आहे.

एक गोष्ट मला खटकते. हे सगळं आपल्याला कळतं ते मॉसच्या अहवालांतून आणि त्या वार्ताहराच्या बातम्यांमधून. दोघंही गोरे. सायकली ढकलणाऱ्यांचं म्हणणं त्यात जवळपास नाहीच. आणि त्यांच्यासाठी पणाला काय लागलं होतं? आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं कायदेशीर ठरवलं होतं. अशा काळात त्यांच्यातला एकजण वाळूत बसला असता, तर "सायकल फेल गेली" असं कुणी म्हटलं नसतं.

२४ जुलैला ते सेंट लुईसला पोचले. शहरातले सायकलवाले स्वागताला बाहेर आले. मॉसला परतही सायकलनेच जायचं होतं. वरून नकार आला, रेल्वेने पाठवलं. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं, पलटण क्युबाला गेली आणि सायकलचा प्रयोग तिथेच बंद पडला.

या तुकडीचे ज्येष्ठ सार्जंट होते मिंगो सँडर्स. तेव्हा वय ३९, बाकीच्यांपेक्षा बरेच मोठे. पुढे ते क्युबात लढले, फिलिपिन्समध्ये लढले. १९०६ मध्ये टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिल गावात एका रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला. गावाने आळ घेतला २५व्या इन्फंट्रीवर. खटला नाही, सुनावणी नाही. कुणी गुन्हेगाराचं नाव सांगत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना एका फटक्यात लष्करातून काढून टाकलं. त्यात सँडर्सही होते, २५ वर्षांहून जास्त नोकरी झालेले, पेन्शन जवळ आलेलं. पेन्शन गेलं. १९२९ मध्ये ते वारले.

लष्कराने तो हुकूम १९७२ मध्ये मागे घेतला. तेव्हा त्या १६७ पैकी डॉर्सी विलिस हे गृहस्थ हयात होते. सरकारने त्यांना २५,००० डॉलर दिले.