हळदीच्या पुडीवरचे शिक्के

वाई तालुक्यात कृष्णाकाठच्या जमिनीत हळद हे जुने नगदी पीक. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लागण, माघ-फाल्गुनात काढणी, मग शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश. तयार माल नदीच्या खालच्या अंगाला सांगलीच्या पेठेत जाई. तिथे तो हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या कोठारांत, साठवण्याची रीत होती. मालाची पारख हळकुंड मोडून आतल्या रंगावरून होई आणि बाकी भरवसा अडत्याच्या पेढीवर असे.

दळलेल्या हळदीत ही पारख चालत नाही. मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट यांसारखे रंग मिसळले, तर भुकटी उलट अधिकच पिवळीधमक दिसते. मग भरवसा उरतो तो शिक्क्याचा. शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा 1937 मध्ये झाला, त्यातून अ‍ॅगमार्क हा शिक्का आला. 1954 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. अ‍ॅगमार्क मालाची प्रत आणि शुद्धता सांगतो. शेतात कोणते खत पडले, काय फवारले, याबद्दल तो गप्प असतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन फक्त मुलखाची ग्वाही देते.

शेतीच्या पद्धतीची ग्वाही देणारी सरकारी व्यवस्था आली ती मुख्यतः निर्यातीसाठी. वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 मध्ये सुरू झाला आणि ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह त्यातूनच आले. त्याचे नियम कडक आहेत. हळदीसारख्या हंगामी पिकासाठी लागणीपूर्वी किमान दोन वर्षे जमीन रासायनिक खते-औषधांपासून मुक्त ठेवावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात आणि शेजारच्या फवारणीचा अंश येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा सोडावा लागतो. त्या दोन वर्षांत उत्पन्न घटले तरी माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. लहान शेतकऱ्याचे घोडे बहुधा इथेच अडते, तपासणीच्या खर्चाची गोष्ट तर वेगळीच. या खर्चावर उपाय म्हणून कृषी मंत्रालयाची पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी देणारी व्यवस्था आहे. तीत गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. रूपांतराच्या काळातल्या मालाला ‘पीजीएस ग्रीन’ आणि पूर्ण सेंद्रिय मालाला ‘पीजीएस ऑरगॅनिक’ म्हणतात.

देशातल्या गिऱ्हाइकासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये नियम केले आणि ‘जैविक भारत’ हे समान चिन्ह आणले. ते पिकवण्यापासून पॅकिंगपर्यंतच्या पद्धतीची हमी देते. प्रत्येक पुडी प्रयोगशाळेत तपासली, हळद अधिक गुणकारी आहे किंवा तिच्यात अवशेषाचा कणही नाही, असा त्याचा अर्थ नाही. मिश्र पदार्थात किमान 95 टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात. नुसत्या ‘गावरान’ किंवा ‘केमिकल-फ्री’ या शब्दांमागे मात्र असे प्रमाणपत्र नसते.

वर्षाची उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या उत्पादकाला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्याला माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. ‘जैविक भारत’चे चिन्ह मात्र लावता येत नाही.