शुक्तिरजत : दृष्टान्त आणि त्यामागील प्रकाश

प्रवरेच्या काठचे नेवासे समुद्रापासून दूर आहे. तथापि १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने तेथे केलेल्या उत्खननात शंखाच्या बांगड्यांचे अवशेष मिळाले. याच नेवाशात शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आपण भाष्यकारांना वाट पुसत आलो, असे ज्ञानदेव ग्रंथाच्या अखेरीस सांगतात. हे भाष्यकार म्हणजे शंकराचार्य, असे सामान्यतः मानले जाते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यास स्पष्ट करताना शिंप रुप्यासारखी भासते, हे उदाहरण दिले आहे.

या दृष्टान्ताचा विचार बहुधा पाहणाऱ्याच्या बाजूने होतो. शिंपेच्या बाजूनेही तो व्हावयास हवा. दोरीवर साप भासण्यास अंधुक उजेड लागतो. शिंप मात्र चकाकत असतानाच फसविते. सतराव्या शतकातील धर्मराजाध्वरीन्द्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त या भ्रमाच्या विवेचनात ‘चाकचिक्य’ हा शब्द येतो. भ्रमाचे निमित्त वस्तूच्या झळाळीत आहे, हे तेथे नेमके टिपले आहे.

ही झळाळी कोणत्याही रंगद्रव्याची नव्हे. १८१४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी शिंपल्याचा ठसा मेणावर घेतला, तेव्हा त्याचे काही रंग मेणावर उतरले व काही उतरले नाहीत. उतरलेले रंग पृष्ठभागावरील सूक्ष्म रेषांचे, तर न उतरलेले आतील थरांचे होत. १९३५ मध्ये सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी अशा शिंपल्यांवर लेखमाला प्रसिद्ध करून या रंगांचा सविस्तर विचार केला. शिंपल्याच्या अंतर्भागात अ‍ॅरागोनाइटच्या पातळ चकत्या थरांवर थर रचलेल्या असतात. चकतीची जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असते. निरनिराळ्या थरांवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळून काही रंग उजळतात, काही लोपतात. म्हणूनच शिंपला कलता करताच रंग पालटतो. शंखाचे मूलद्रव्यही तेच, परंतु त्याची घडण वेगळी. त्यामुळे शंखाच्या बांगडीला गुळगुळीत शुभ्रता येते, इंद्रधनुषी छटा येत नाही. भेद द्रव्याचा नसून रचनेचा आहे.

मराठीने हा भेद आपल्या परीने राखला आहे. कापडाला रंग असतो. मोत्याला ‘पाणी’ असते. फारसीतून आलेल्या ‘आब’ शब्दाचाही मूळ अर्थ पाणीच होय. ‘रुपे’ हा शब्द तर संस्कृत ‘रूप्य’पासून, म्हणजे ‘रूप’ या शब्दाच्याच कुळातून आला आहे.

अर्थात, यावरून प्राचीनांना तरंगशास्त्र अवगत होते, असे अनुमान काढणे युक्त नाही. त्यांचा प्रश्न ज्ञानाच्या प्रामाण्याचा होता, प्रकाशाच्या गतीचा नव्हता. पण दोन्ही विचार एका मर्यादेपर्यंत बरोबर चालतात : शिंपेत रुपे नाही. पुढे वाट निराळी होते. रुप्याचे ज्ञान बाधित झाले, तरी झळाळी मावळत नाही. तिला आधार शिंपेच्या घडणीचा असतो. दृष्टान्त शिकविताना एक शिंपला विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास हा फरक सहज उमगेल.