क्षारपड: नीरेकाठच्या जमिनीचे म्हातारपण

बारामती-इंदापूरच्या पाटाखालची जमीन उसाने शोषली म्हणून थकली, हा समज अपुरा आहे. पिकाने नेलेले खताने परत देता येते; या जमिनीला बाधले ते मागे उरलेले. 1876-78 च्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, पुढे भाटघरच्या धरणाने त्याला भरवशाचे पाणी दिले आणि खोल काळ्या रानात बागायत पसरली. काळी माती पाणी धरते, लवकर सोडत नाही. जादा पाणी आणि पाटाचा पाझर खाली साचत गेला, भूजल मुळांपर्यंत चढले, उन्हाने पाणी उडाले आणि क्षार वर राहिले. 1910 साली हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर शेतकी खात्याची स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली, इतका तो प्रश्न तोवर वाढला होता.

पाणी मोजून दिले की भागेल, असा आक्षेप येईल. अभियंता विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर आणलेल्या, ठरावीक गटांनाच पाणी देणाऱ्या ब्लॉक पद्धतीने उधळपट्टीला आळा बसतो, हे खरेच. पण सोडियम मातीला चिकटला की तिचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. मग थोडे पाणीसुद्धा मुरत नाही. साचलेलेच निचऱ्याची वाट बंद करते. जिप्समने तो सोडियम सोडवावा लागतो आणि चर खणून बाहेर काढावा लागतो.

पेशींच्या वार्धक्यातही हाच पेच आहे. मेंदूच्या आणि हृदयाच्या दीर्घायुषी पेशींत वयाबरोबर लिपोफ्युसिन नावाचा पिवळट-तपकिरी गाळ साठतो, आणि तो कचरा पचवणाऱ्या लायसोसोमलाच मंद करतो असे मानायला आधार आहे. हा गाळ वार्धक्याची नुसती खूण असेल, कारण नव्हे, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. त्याचे उत्तर निचरा करून पाहिल्यावरच मिळते. चर काढलेल्या शेतात पीक पुन्हा उभे राहते, तेव्हा दोष क्षारांचा आणि साचलेल्या पाण्याचा होता हे ठरते. पेशींबाबत पुरावा तोकडा आहे. योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पेशीतला कचरा पचवणाऱ्या ज्या स्वभक्षण-यंत्रणेच्या शोधासाठी मिळाले, तिची जनुके बंद केली की दीर्घायुषी सूक्ष्मकृमींचे वाढीव आयुष्य घटते. सफाई बिघडली की आयुष्य कमी होते, एवढे यातून दिसते. साठलेला गाळ काढला की तारुण्य परतते, हे नाही. जमिनीपुरती तरी ही शंका उरलेली नाही. तिथली अडचण वेगळीच: चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर तो शेजाऱ्यांच्या बांधांतून जातो, आणि त्यांनी वाट दिल्याशिवाय एकट्याच्या शेतातले पाणी निघत नाही.