मानसोपचार घेताना दिव्यांग रुग्णाबाबतचा पूर्वग्रह कसा ओळखावा आणि काय करावे?

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात ऐकू न येणारी एक तरुणी आली होती. झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हते. मी सगळे प्रश्न सोबत आलेल्या भावाला विचारत होतो. "ती पहिल्यापासून जरा हट्टी आहे," असे तो म्हणाला. मी झोपेची गोळी लिहायला घेतली, तेव्हा तिने टेबलावरचे पॅड स्वतःकडे ओढले आणि लिहिले, "मला विचारा."

पुढच्या दहा मिनिटांत तिने लिहून दिलेले भावाला माहीतच नव्हते. तिच्या मनात जीव देण्याचे विचार येत होते. तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. हेतू वाईट नसतानाही माझ्याकडून मोठी चूक होता होता राहिली.

हा पूर्वग्रह म्हणजे काय?

दिव्यांग व्यक्तीला कमी समजते, तिचे म्हणणे कमी महत्त्वाचे असते किंवा तिचा प्रत्येक त्रास दिव्यांगत्वामुळेच असतो, असे गृहीत धरून वागणे. इंग्रजीत याला एबलिझम म्हणतात. तो डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका आणि घरचे लोक अशा कोणाच्याही वागण्यात असू शकतो.

तो कसा ओळखावा?

* रुग्णाला वगळून बोलणे. प्रश्न, निदान, औषधांची माहिती हे सगळे नातेवाइकांनाच सांगितले जाते.
* सगळा दोष दिव्यांगत्वाला देणे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला मुलगा अचानक स्वतःला मारू लागला, तर 'ही मुले अशीच असतात' म्हणून शांत करणारे औषध वाढवले जाते. प्रत्यक्षात दातदुखी, कानातला जंतुसंसर्ग किंवा बद्धकोष्ठता हे कारण असू शकते. डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती मंदावली, तर थायरॉइडची तपासणी हवी. फिट्सच्या काही औषधांनीही चिडचिड वाढते.
* नैराश्य स्वाभाविक मानणे. 'अशा अवस्थेत कोणालाही निराश वाटेल' असे म्हणून उपचारच टाळले जातात. दिव्यांग व्यक्तीचे नैराश्यही उपचारांनी बरे होऊ शकते.
* समुपदेशन नाकारणे. 'याला काय कळणार' म्हणून फक्त गोळ्या दिल्या जातात. सोपी भाषा, चित्रे आणि छोटी सत्रे वापरून अनेकांना समुपदेशनाचा फायदा होतो.
* वेगळेपणाला असहकार ठरवणे. स्वमग्न व्यक्ती नजर मिळवत नाही, तेव्हा केसपेपरवर 'सहकार्य करत नाही' अशी नोंद होते.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दिव्यांगत्वाच्या कारणावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत, सांकेतिक भाषेत किंवा चित्रांच्या मदतीने द्यायला हवी. रुग्णाने आपला निर्णय बोलून, खुणांनी किंवा हावभावांनी सांगितला तरी तो ग्राह्य असतो. सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळ्याविना जाता यावे, तसेच तपासणीत प्राधान्य मिळावे, अशी तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे.

तुम्ही काय करू शकता?

*भेटीपूर्वी:* रुग्णालयाला फोन करून रॅम्प, लिफ्ट किंवा दुभाष्याची गरज कळवा. लिहून संवाद सगळ्यांनाच जमतो असे नाही. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. रुग्ण एरवी कसा असतो आणि बदल कधीपासून झाला, हे अर्ध्या पानात लिहून न्या.

*भेटीत:* "कृपया प्रश्न त्यांनाच विचारा, गरज पडली तर मी मदत करतो," असे नातेवाइकांनी शांतपणे सांगावे. रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला थोडा वेळ द्यावा. लक्षणांचे खापर दिव्यांगत्वावर फोडले जात असेल, तर विचारा, "दिव्यांगत्व नसलेल्या रुग्णाला हाच त्रास झाला असता, तर तुम्ही कोणत्या तपासण्या केल्या असत्या?" या प्रश्नाने डॉक्टरही थांबून विचार करतात.

*भेटीनंतर:* शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मात्र चालू औषधे स्वतःहून बंद करू नका. तक्रार असल्यास आधी रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांकडे लेखी द्या. समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. दिव्यांगत्वावरून भेदभाव झाला असल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे.

तातडीची मदत केव्हा घ्यावी?

जीव देण्याचे विचार, खाणेपिणे बंद होणे, स्वतःला इजा करणे किंवा वागण्यात अचानक मोठा बदल दिसल्यास वाट पाहू नका. रुग्णाला एकटे सोडू नका आणि थेट जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

घरच्यांसाठी शेवटची सूचना: रुग्णाच्या वतीने उत्तर देण्याआधी मनात दहा आकडे मोजा. पुष्कळदा तेवढ्या वेळात उत्तर त्याच्याकडूनच येते.