जालपटलशोथ, सांसर्गिक

डोळ्याच्या मागील भागास आतून अस्तरासारखे लागलेले जे प्रकाशग्राही पटल, ज्याला दवाखान्यात सर्रास ‘रेटिना’च म्हणतात, त्यास विषाणू, जंतू, परोपजीवी किंवा कवक यांच्या संसर्गाने येणारा दाह. डोळा पुष्कळदा दुखत नाही, फारसा लालही होत नाही; समोर काळ्या माश्या उडतात, धुरकट दिसते, एवढीच तक्रार असते आणि ती चष्म्याच्या नंबरावर घालवली जाते.

हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये नेत्रांतर्दर्शक प्रसिद्ध केला तेव्हापासून आजतागायत निदानाचा पाया एकच: औषधाने बाहुली विस्फारून पटल प्रत्यक्ष पाहणे. टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीच्या संसर्गात जुन्या काळपट व्रणाच्या कडेला नवा पांढरा डाग उमटतो आणि काचाभ द्रव गढूळ झाल्यामुळे तो दाट धुक्यातून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यासारखा भासतो. उलट एड्सच्या रुग्णात, सीडी-4 पेशी दर घन मिलिमीटरला 50 च्या खाली गेल्यावर बहुधा दिसणारा सायटोमेगॅलो विषाणूचा दाह रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, रक्तस्रावाचे ठिपके घेऊन पसरतो, परंतु काचाभ द्रव बव्हंशी स्वच्छ राहतो. उपदंश व क्षय कोणतेही सोंग घेतात, सबब त्यांच्या चाचण्या वगळू नयेत.

सर्वांत उतावळा प्रकार म्हणजे 1971 साली जपानमध्ये वर्णिलेला तीव्र जालपटल-ऊतिमृत्यू. कांजिण्या-नागिणीचा किंवा हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू धडधाकट माणसाच्याही पटलाच्या परिघावर पांढरे डाग पाडतो. ते काही दिवसांतच एकमेकांत मिसळून मध्याकडे सरकतात, आणि मेलेल्या भागाची चाळणी होऊन पटल सुटते. अशा वेळी डोळ्याच्या पुढच्या कक्षातून बारीक सुईने द्रवाचे दोन-चार थेंब काढून पीसीआर चाचणीस पाठवावे, मात्र अहवालाची वाट पाहत इलाज तहकूब ठेवू नये. मूत्रपिंडे ठीक असल्यास अ‍ॅसिक्लोव्हिर, वजनाच्या दर किलोस 10 मिलिग्रॅम, दर 8 तासांनी शिरेतून देतात व पुढे कित्येक आठवडे तोंडाने विषाणुरोधक औषध चालू ठेवतात. जरूर पडल्यास गँसिक्लोव्हिर किंवा फॉस्कार्नेट डोळ्यातच टोचतात. टोक्सोप्लाझ्मावर पिरिमेथामाइन-सल्फाडायझीन किंवा को-ट्रायमोक्सॅझोल वापरतात. दाह दिसला की स्टेरॉइड, हा सोपा रिवाज येथे घातक ठरतो: रोगकारकावरील औषध एक-दोन दिवस आधी लागू झाल्यावाचून दिलेले स्टेरॉइड विषाणूला मोकळे रान देते.

उपचाराविना राहिलेल्या ऊतिमृत्यूच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांचा दुसरा डोळाही, बहुधा काही आठवड्यांतच, याच रोगाने ग्रासतो. म्हणून प्रत्येक तपासणीस बाहुल्या दोन्ही डोळ्यांच्या विस्फाराव्या.